नोकरी सोडून गेलेल्या माणसावर मनाई हुकूम मिळतो का?

वाचकाचे पत्र: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझा विशेष यंत्रे, म्हणजे एसपीएम, बनवण्याचा कारखाना आहे. आमच्या डिझाइन विभागाचा प्रमुख नऊ वर्षे माझ्याकडे होता आणि मी त्याला धाकट्या भावासारखे वागवले. चार महिन्यांपूर्वी नोटिशीचा महिना पूर्ण करून तो गेला आणि चाकणच्या एका स्पर्धक कंपनीत रुजू झाला. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे महाराष्ट्रात स्पर्धकाकडे काम करणार नाही, आमच्या ग्राहकांशी व्यवहार करणार नाही आणि गुप्त माहिती बाहेर देणार नाही, अशी तीन कलमे त्याच्या करारात आहेत. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा संगणक दुसऱ्या मुलाला देताना असे दिसले की, शेवटच्या पंधरवड्यात त्याने काही ड्रॉइंग आणि कॉस्टिंग शीट स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवली होती. त्याचा शेवटचा पगार आणि ग्रॅच्युइटी मी अडवून ठेवली आहे. ओळखीचे एक वकील म्हणतात, ‘स्टे घेऊ, आठ दिवसांत तो घरी बसेल.’ हे खरोखर होईल का?

उत्तर:

स. न. वि. वि.

आपले पत्र दोनदा वाचले. त्यातला ‘धाकट्या भावासारखे’ हा शब्द पुढच्या प्रत्येक निर्णयात आपल्याला त्रास देणार आहे, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. तो आठ दिवसांत घरी बसणार नाही आणि त्याला घरी बसवण्यासाठी केलेला अर्ज बहुधा फेटाळला जाईल. आपल्या हातात जी खरोखर भक्कम बाजू आहे ती ड्रॉइंग आणि कॉस्टिंग शीटची आहे. ती बाजू पहिल्या कलमाच्या हट्टापायी वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा रोजगार करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता शून्य असतो. कायद्याने याला एकच अपवाद लिहून ठेवला आहे, तो म्हणजे धंद्याची पत, ज्याला आपण गुडविल म्हणतो, ती विकणाऱ्याने त्याच भागात तसाच धंदा न करण्याची दिलेली हमी. इंग्लंडमध्ये अशी बंदी ‘वाजवी’ आहे का, हे न्यायालय तपासते आणि वाजवी असेल तर ती पाळायला लावते. आपल्याकडे मात्र हा वाजवीपणाचा प्रश्न १८७४ सालीच निकालात निघाला. कलकत्त्यात एकाच वस्तीत धंदा करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याला पैसे देऊन त्या भागातले दुकान बंद करायला लावण्याचा करार केला होता. बंदी थोड्या काळापुरती आहे की छोट्या भागापुरती आहे, याने काही फरक पडत नाही, असे म्हणून उच्च न्यायालयाने तो करार अमलात आणायला नकार दिला. विधी आयोगाने १९५८ साली वाजवी बंदीला जागा देण्याची शिफारस केली होती, पण संसदेने कलम बदलले नाही. आपल्या करारातले पहिले कलम बहुधा कुठल्या तरी परदेशी नमुन्यावरून उतरवलेले असावे. असे मजकूर रोज माझ्या टेबलावर येतात आणि प्रत्येक वेळी मालकाला हीच निराशा पदरी घ्यावी लागते.

आपले वकील कदाचित १९६७ च्या निरंजन शंकर गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या निकालाचा दाखला देतील, कारण त्यात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला होता. तो निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच, कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला आहे. टायर-कॉर्ड धाग्याच्या विभागातील शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला होता, परदेशी कंपन्यांकडून आलेल्या गुप्त तंत्राचे प्रशिक्षण घेतले होते आणि मुदत अर्धीही होण्यापूर्वी तो कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात निघून गेला. न्यायालयाने त्याला रोखले ते त्या पाच वर्षांच्या उरलेल्या मुदतीपुरते. नोकरीचा करार चालू असताना दुसरीकडे काम न करण्याचे बंधन आणि नोकरी रीतसर संपल्यानंतरचे बंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपला माणूस दुसऱ्या गटात मोडतो, कारण त्याने नोटिशीचा महिना पूर्ण केला आहे.

१९८० मध्ये सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध मुरगई या प्रकरणात दोन वर्षांच्या बंदीचे जवळजवळ आपल्यासारखेच कलम सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि कंपनी हरली. न्या. सेन यांनी ते बंदीचे कलम करार कायद्याच्या कलम २७ खाली सरळ शून्य ठरवले. न्या. उंटवालिया आणि न्या. तुळजापूरकर यांनी मात्र तो प्रश्न खुला ठेवून, त्या माणसाला कंपनीनेच काढले होते आणि त्याने नोकरी ‘सोडली’ नव्हती, एवढ्याच मुद्द्यावर निकाल दिला. हा बारकावा कोर्टात विरुद्ध बाजूने नाही सांगितला तरी आपल्या वकिलांनी सांगावा, कारण त्यातूनच युक्तिवादाला थोडी जागा मिळते. मात्र पुढच्या निकालांनी ती जागा फारशी शिल्लक ठेवलेली नाही. २००६ मध्ये निकाल लागलेला, श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्याविरुद्ध त्याच्या जाहिरात-व्यवस्थापन कंपनीने केलेला दावा आठवा. तो नोकरीचा नव्हता, एजन्सीच्या कराराचा होता. मुदत संपल्यानंतरही दुसऱ्या कंपनीशी करार करण्यापूर्वी पहिली संधी आम्हालाच द्यावी, एवढेच कंपनीचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी दिलेला तूर्तातूर्त, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंतचा, मनाई हुकूम खंडपीठाने रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचे म्हणणे उचलून धरले. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात व्हीएफएस ग्लोबलच्या प्रकरणात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर कंपनी तीन महिन्यांचा पगार देऊन माणसाला घरी बसवायला तयार होती, ज्याला गार्डन लीव्ह म्हणतात, पण तेही प्रथमदर्शनी व्यवसायावरील बंदीच आहे, असे ठरले. पगार देऊनही जिथे तीन महिने रोखता आले नाही, तिथे एक रुपयाही न देता दोन वर्षे, तीही अख्ख्या महाराष्ट्रात, कशी रोखता येतील?

आपल्या लक्षात येईल की यातले बहुतेक वाद अंतिम निकालाच्या टप्प्यावर झालेले नाहीत, ते तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावरच लढले गेले. यामागे साधे कारण आहे. आपल्या जिल्हा न्यायालयात दाव्यासोबत जो अर्ज ‘निशाणी ५’ म्हणून लागतो, त्याचा निकाल म्हणजे अशा दाव्याचा व्यवहारातला निकाल असतो. बंदी दोन वर्षांची आणि दावा चालणार त्याहून जास्त, मग मनाई मिळाली तर त्या माणसाची दोन वर्षे गेलीच आणि नाही मिळाली तर आपली गेली. न्यायाधीशांना हे पक्के माहीत असते, म्हणून ते निशाणी ५ वर तीन गोष्टी काटेकोरपणे पाहतात. प्रथमदर्शनी आपली बाजू आहे का, सोयी-गैरसोयीचे पारडे कोणाकडे झुकते आणि हुकूम न दिल्यास पैशाने भरून न निघणारे नुकसान होणार आहे का. पहिल्या कलमावर आपण पहिल्याच पायरीला अडखळतो आणि दुसऱ्या पायरीवर समोर एका माणसाची रोजीरोटी उभी राहते.

ग्राहकांच्या कलमाची स्थिती थोडी बरी आहे, पण भरवसा ठेवण्याइतकी नाही. त्यावर न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. पुण्या-नाशिकच्या ज्या वाहन आणि पुरवठादार कंपन्या आपल्याकडून यंत्रे घेतात त्यांची नावे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यामुळे ‘ग्राहकांची यादी’ हे गुपित ठरत नाही. एखादा ग्राहक आपणहून तिकडे गेला तर त्याला अडवण्याचा अधिकार कोणत्याही कलमाने मिळत नाही. कोणत्या ग्राहकाला कोणत्या दराने यंत्र दिले, सुट्या भागांचा खर्च किती धरला आणि नफा किती ठेवला, ही माहिती मात्र गुपित आहे आणि ती त्याच कॉस्टिंग शीटमध्ये आहे.

म्हणजे आपण पुन्हा त्या ईमेलपाशी येतो. गोपनीयतेचे बंधन हे व्यवसायावरचे बंधन मानले जात नाही आणि ते नोकरी संपल्यावरही टिकते. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने २०२४ च्या २८९ व्या अहवालात त्याचा मसुदा सुचवला आहे, पण आज आपल्याला कराराचे तिसरे कलम आणि विश्वासभंगाचे जुने तत्त्व यांवरच उभे राहायचे आहे. त्याला कॉपीराइट कायद्याची जोड द्यावी. ड्रॉइंग ही त्या कायद्याखाली ‘कलाकृती’ असते आणि नोकरीच्या कामात बनवलेल्या ड्रॉइंगचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये एक पेच आहे. ज्याच्यावरून पन्नासपेक्षा जास्त नग तयार झाले, अशा नोंदणीयोग्य पण नोंदणी न केलेल्या डिझाइनचा कॉपीराइट संपतो. आपल्यासारखा कारखाना एका आराखड्याची एक, दोन, फार तर पाच यंत्रे बनवतो, त्यामुळे हा पेच आपल्याला बहुधा अडवणार नाही, तरी वकिलांनी तपासून घ्यावे. या जोडीचा दुसरा फायदा असा की, कॉपीराइटचा दावा वादी जिथे धंदा करतो तिथल्या न्यायालयात लावता येतो, म्हणून आपल्याला पुण्याला जावे लागणार नाही. दाव्याची किंमत तीन लाखांपेक्षा कमी नसेल तर तो वाणिज्यिक न्यायालयात जाईल. तिथे दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची असते, मात्र तातडीची अंतरिम दाद खरोखरच मागायची असेल तर त्यातून सूट आहे.

माझ्या अनुभवातली एक सुनावणी सांगते. पक्षकार यंत्रांचाच कारखानदार होता आणि गेलेल्या माणसाने ‘सगळी टेक्नॉलॉजी’ नेली, असे प्रतिज्ञापत्रात पाच पाने भरून लिहिले होते. न्यायाधीशांनी शांतपणे एवढेच विचारले, “कोणते ड्रॉइंग? नंबर सांगा.” वकिलांनी मागे वळून पक्षकाराकडे पाहिले. पक्षकार म्हणाला, “साहेब, सगळंच.” अर्ज तिथेच गेला, लेखी आदेश फक्त आठवडाभराने आला. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्टार इंडियाच्या प्रकरणातही हेच सांगितले आहे की, काही वर्षे एका जागी काम केलेल्या माणसाला तिथल्या बऱ्याच गोष्टी सहजच कळतात आणि अशा प्रत्येक गोष्टीला गुपित म्हणता येत नाही. आपल्या डिझाइन प्रमुखाच्या हातातले कसब, फिक्श्चर कसे बसवावे याची त्याची नजर, नऊ वर्षांत केलेल्या चुकांमधून आलेले शहाणपण, हे सगळे त्याचे आहे. ते त्याने चाकणला वापरले तर आपल्याला कितीही वाईट वाटले तरी तो गुन्हा नाही, करारभंगही नाही.

म्हणून या आठवड्यात आपण एकच काम करावे. ईमेल सर्व्हरच्या नोंदीतून तारीख, वेळ, पाठवलेल्या फाइलचे नाव आणि आकार यांची यादी काढावी. प्रत्येक फाइलपुढे आपला ड्रॉइंग क्रमांक, ते कोणत्या यंत्राचे आहे, कोणत्या वर्षी बनवले, आपल्याकडे ते कोणाकोणाला उघडता येत होते आणि ते बाहेर गेल्याने नेमके काय बिघडते, हे एकेका ओळीत लिहावे. त्याला घरून काम करण्यासाठी ड्रॉइंग खासगी ईमेलवर पाठवण्याची मुभा पूर्वी दिलेली होती का, हेही खरेखरे लिहावे, कारण तो पहिला बचाव तोच घेईल. तो जुना संगणक आता कोणी वापरू नये, बंद करून सीलबंद ठेवावा आणि त्याची प्रत तज्ज्ञाकडून काढावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा तिचा सांकेतिक ठसा, नोंदवावे लागते आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. हे प्रमाणपत्र दाव्यासोबतच लावावे, पुढच्या तारखेला देऊ असे म्हणू नये.

वेळेबद्दल स्पष्ट बोलायला हवे. तातडी आहे म्हणून मनाई मागणारा स्वतः महिनोन्‌महिने थांबला असेल तर न्यायालय त्याच्या तातडीवर विश्वास ठेवत नाही. नोकरी सुटून चार महिने झाले असले तरी आपल्याला ईमेल तीन आठवड्यांपूर्वी समजला, हे तारखेसह आणि कागदासह सांगता येईल. हे तीन आठवडे तीन महिने होऊ देऊ नका.

समोरच्याला न ऐकता, म्हणजे एकतर्फी, मनाई मिळेल का, असे आपले वकील विचारतील. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम ३ नुसार आधी नोटीस देणे हाच नियम आहे आणि उशिराने हेतूच विफल होईल असे दिसले तरच, तशी कारणे लिहून, एकतर्फी हुकूम देता येतो. तो मिळाला तर अर्जाची व कागदपत्रांची प्रत लगेच प्रतिवादीला पाठवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तसे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा असतो. आपला माणूस हुशार असेल तर त्याने कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा आगाऊ अर्ज, लावून ठेवले असेल. कॅव्हेट नव्वद दिवस चालते आणि ते असेल तर त्याला न ऐकता काहीच होणार नाही. एकतर्फी गेल्यास आपल्या विरुद्ध जाणारी प्रत्येक गोष्टही अर्जात लिहावी लागते. ती लपवली आणि नंतर उघड झाली तर हुकूम उठतोच, शिवाय न्यायाधीशांच्या मनातून आपण कायमचे उतरतो.

मागणी अशी असावी. त्या यादीतली ड्रॉइंग आणि शीट त्याने वापरू नयेत, कोणाला दाखवू नयेत, नष्टही करू नयेत, त्याच्याकडे काय काय आहे ते प्रतिज्ञापत्रावर सांगावे आणि आदेश ३९ नियम ७ खाली न्यायालयाने नेमलेल्या कमिशनरसमोर ते जमा करावे. नव्या कंपनीच्या संगणकावर ती ड्रॉइंग गेल्याचा काही पुरावा असेल तरच त्या कंपनीला प्रतिवादी करावे. नुसत्या संशयावरून केले तर समोर मोठ्या कंपनीचे वकील उभे राहतील आणि मूळ मुद्दा झाकला जाईल. करारात लवादाचे कलम आहे का, हेही पाहावे. असल्यास अंतरिम दाद लवाद कायद्याच्या कलम ९ खाली मागावी लागेल आणि आदेश मिळाल्यापासून नव्वद दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू करावी लागेल.

अशा प्रकरणांत अनेकदा असे होते की, पहिल्या-दुसऱ्या तारखेला प्रतिवादीचे वकील स्वतःच उभे राहून सांगतात की, आमच्याकडे जे आहे ते परत करतो आणि वापरणार नाही. न्यायालय ते विधान आदेशात नोंदवते. तसे घडले तर आपण नाही म्हणू नका. ती हमी तूर्तातूर्त मनाईइतकीच उपयोगाची आहे. मनाई हुकूम मोडला तर आदेश ३९ च्या नियम २अ खाली मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, आणि न्यायालयापुढे दिलेली हमी मोडणे हा न्यायालयाचा अवमान ठरतो. उलट अपुऱ्या कारणावर मनाई घेतल्याचे नंतर दिसले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली पन्नास हजारांपर्यंत भरपाई आपल्यालाच द्यावी लागू शकते.

पुढच्या माणसांसाठी करार दुरुस्त करायचा असेल तर नोकरीनंतरच्या बंदीऐवजी नोटिशीचा काळ वाढवावा आणि खरोखर खर्चिक प्रशिक्षण दिले असेल तर ठराविक मुदतीचा, वाजवी रकमेचा बाँड ठेवावा. तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली, कारण ती बंदी नोकरीच्या मुदतीतली होती. खासगी ईमेलवर फाइल पाठवण्याची सोय मात्र आजच बंद करा.

आता आपल्याला सर्वांत अप्रिय वाटेल ते लिहिते. त्याचा शेवटचा पगार आणि ग्रॅच्युइटी अडवून आपण स्वतःची बाजू दुबळी केली आहे. नऊ वर्षे नोकरी केलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यायची असते, आणि राजीनामा देऊन गेलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी संशयावरून रोखण्याचा अधिकार आपल्याला नाही. मनाई ही न्यायालयाच्या विवेकावर मिळणारी दाद आहे आणि ती मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. त्याचे वकील पहिल्याच पानावर हे लिहितील, आणि ‘धाकट्या भावासारखे वागवले’ हे आपले वाक्य त्याच्या शेजारी ठेवून वाचले जाईल. दोन्ही रकमा व्याजासह हिशेब करून त्याच्या खात्यात जमा करा, अनुभवाचे प्रमाणपत्र नोंदणीकृत टपालाने पाठवा, त्या पावत्या सांभाळून ठेवा आणि मग ड्रॉइंगच्या क्रमांकांची यादी घेऊन वकिलांकडे जा. दाव्याला जोडायच्या कागदांत त्या पावत्याही असू द्या.